खर्र्याचा ठेला: पूर्व विदर्भातल्या एका पानठेल्याचा हिशेब आणि तीन निर्णय

पार्श्वभूमी

पूर्व विदर्भातलं तालुक्याचं गाव. नगरपंचायत, एसटी स्टँड, ग्रामीण रुग्णालय, आठवडी बाजार आणि स्टँडपासून हाकेच्या अंतरावर एक हायस्कूल. स्टँड आणि शाळा यांच्या मधल्या वळणावर एक पानठेला होता. ठेलेवाला चाळिशीतला, बायको आणि दोन मुलं घरी, हाताखाली पुतण्या. ओळख पटेल असा तपशील इथे काढून टाकला आहे. सारख्या स्वरूपाच्या ठेल्यांचे हिशेब एकत्र धरून रकमा गोल केल्या आहेत, प्रमाणं मात्र धंद्यातली आहेत. काळ २०१८ ते २०२१.

बाहेरून पाहणाऱ्याला तो पानाचा ठेला वाटे. दर्शनी भागावर वेलचीच्या एका ब्रँडचा भलामोठा रंगीत फलक, त्यावर सिनेनट. फलकाचं लोखंड, रंग, वरचा दिवा, सगळं वितरकाकडून फुकट आलेलं. तंबाखूची जाहिरात २००३ च्या कायद्याने बंद आहे. विक्रीच्या जागी फलक लावता येतो, पण त्याला ६० बाय ४५ सेंटिमीटरची मर्यादा आहे. वेलचीला अशी मर्यादा नाही. फलकावरचं नाव मात्र तेच, जे पानमसाल्याच्या पुडीवर असतं. गावात त्या नावाची वेलची मागणारा माणूस क्वचितच सापडेल.

प्रत्यक्षात ठेला चालायचा खर्र्यावर.

खर्रा म्हणजे नेमका कोणता माल

नगर, बीडकडे ज्याला मावा म्हणतात, त्याचाच हा वऱ्हाडापलीकडचा भाऊ. सुपारीची बारीक कतरण, तंबाखू आणि ओला चुना पन्नीत, म्हणजे प्लास्टिकच्या तुकड्यात, घालून लाकडी फळीवर घोटतात. घासल्याने मिश्रण तापतं, सुपारी नरम पडते आणि तंबाखूचा रंग तिला चढतो. चुना फक्त चवीसाठी नसतो. त्याने मिश्रण अल्कधर्मी होतं, निकोटीन मोकळं होतं आणि तोंडाच्या आतल्या त्वचेतून झपाट्याने रक्तात उतरतं. म्हणून चुन्याचा हात सराईत लागतो. कमी पडला तर गिऱ्हाईक म्हणतं ‘लागत नाही’, जास्त झाला तर गाल सोलून निघतो.

कारखान्यातल्या पुडीला हे जमत नाही. इथे माल गिऱ्हाइकासमोर तयार होतो: ‘बारीक मार’, ‘चुना कमी’, ‘तंबाखू जास्त’. प्रत्येकाचं माप ठेलेवाल्याच्या डोक्यात असतं. त्यामुळे गिऱ्हाईक सहसा ठेला बदलत नाही. या धंद्याला जाहिरात लागत नाही ती यामुळेच. फळीवरून चिमूटभर चाखायला देणं, नाव न विचारता माप ओळखणं आणि उधारीची वही, हीच त्याची जाहिरात.

कायद्याची बाजू थोडक्यात. महाराष्ट्राने २००२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली होती. ती २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. पुढे अन्नसुरक्षा कायद्याखालच्या २०११ च्या नियमांत ‘कोणत्याही अन्नपदार्थात तंबाखू वा निकोटीन घटक म्हणून वापरता येणार नाही’ असं कलम आलं आणि बंदीला नवा पाया मिळाला. त्याआधारे जुलै २०१२ मध्ये राज्यात गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आली. वर्षभरात तिच्या कक्षेत सुगंधित तंबाखू, सुगंधित सुपारी, खर्रा आणि मावाही आले. कायद्याच्या कलम ३० नुसार असा आदेश एका वेळी जास्तीत जास्त एका वर्षाचा असतो, म्हणून तो दरवर्षी नव्याने काढावा लागतो.

म्हणजे पुढ्यातलं चित्र असं: साधी, बिनवासाची तंबाखू इशाऱ्याचं चित्र छापलेल्या वेष्टनात विकणं कायदेशीर. साधी सुपारी विकणंही कायदेशीर. दोन्ही एका पन्नीत घोटून दिली की तोच माल बंदीतला. ठेल्यावर तिन्ही जिन्नस तीन डब्यांत असतात. तंबाखू साधी असेल तर गुन्हा घडतो तो फळीवर; सुगंधित असेल तर तिचा डबाच बंदीतला.

बंदीने कारखान्यातली पुडी महाग आणि लपवाछपवीची झाली. पूर्वी एक, दोन, पाच रुपयांना मिळणारी पुडी दुप्पट भावाने, काउंटरखालून मिळू लागली. जिथे पानमसाल्यावर बंदी नाही अशा राज्यांत कंपन्यांनी जोडपुडी काढली. एका पुडीत पानमसाला, दुसरीत तंबाखू, दोन्हींची मिळून किंमत एका नाण्यात बसणारी. सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या पळवाटेकडे बोट दाखवलं. पूर्व विदर्भात मात्र ही जागा जोडपुडीपेक्षा खर्र्याने भरली. त्याला कारखाना लागत नाही, बारकोड नाही, बॅच नंबर नाही. गुटख्याच्या यंत्रांवर २००८ पासून उत्पादन शुल्क यंत्रांच्या संख्येवर घेतलं जाई, कारण पुड्या मोजणं सरकारला अशक्य होतं. फळीवर घोटणाऱ्या हातांची मोजणी तर कुणीच करत नाही.

हिशेब

२०१८ साली गावात पुडीचा भाव २० रुपये होता. एका पुडीत साधारण १२ ग्रॅम सुपारी आणि ३ ग्रॅम सुगंधित तंबाखू. सुपारी किलोला ४०० रुपयांनी धरली तर ४ रुपये ८० पैसे. सुगंधित तंबाखूचा डबा शेजारच्या राज्यांतून येई. काही डब्यांवर ‘हुक्का’ असा शब्द छापलेला, म्हणजे विचारलं तर हा खायचा माल नव्हे असं सांगता यावं. छापील भाव काहीही असो, ठेल्यापर्यंत तो किलोला १,८०० रुपयांना पडे, म्हणजे पुडीला ५ रुपये ४० पैसे. चुना, पन्नी, दोरा मिळून ३० पैसे. एकूण खर्च साडेदहा रुपये, सुटतात साडेनऊ.

दिवसाला १५० पुड्या. विक्री ३,०००, ढोबळ नफा १,४२५. त्यातून पुतण्याची रोजी २५० आणि बुडीत उधारी सरासरी १५० वजा केली तरी हातात १,०२५ उरत.

उरलेला ठेला असा: सिगारेट-बिडीत दिवसाला ११० रुपये सुटत. कारण छापील किमतीवर शेकडा आठ-दहाच्या वर कमिशन नसतं आणि सुट्या सिगारेटवर वर घेतलेला रुपया तेवढा खरा नफा. पानाचे २००, पाण्याच्या बाटल्या आणि थंड पेयांचे ७५. म्हणजे ठेल्याच्या १,८१० रुपये ढोबळ नफ्यातले जवळजवळ ऐंशी टक्के खर्र्याचे.

पण नफ्याच्या टक्केवारीपेक्षा दुसरा आकडा महत्त्वाचा आहे. १५० पुड्या म्हणजे १५० गिऱ्हाइकं नव्हेत. रोजची नेमकी माणसं साठ-सत्तर. त्यातली निम्मी दिवसातून तीन ते चार वेळा येत. पाण्याची बाटली, बिडी, पान हे त्या फेऱ्यांवर विकलं जाई. खर्रा हा ठेल्याचा एक माल नव्हता. तो गिऱ्हाइकाला परत आणणारा दोर होता. पुढचे सगळे चुकलेले अंदाज हे न धरल्यामुळे चुकले.

आणि उधारी. वहीत कोणत्याही दिवशी ३५ ते ४० हजार रुपये बाहेर असत. पगार झाला, धानाचा चुकारा आला की थोडी फिटे, पुन्हा चढे. बाहेरच्याला हा तोटा वाटतो. ठेलेवाल्याच्या लेखी ती गुंतवणूक होती, कारण ज्याचे ४०० रुपये थकले आहेत तो दुसऱ्या ठेल्यावर जाताना तोंड लपवतो.

अडचण

जून २०१८ मध्ये शाळेत नव्या मुख्याध्यापिका आल्या. तंबाखूमुक्त शाळेच्या निकषांमध्ये आवारापासून १०० यार्डांची हद्द आखणं येतं. त्यांनी टेप मागवली. शाळेच्या फाटकापासून रस्त्याने ठेला १२८ मीटरवर होता. ठेलेवाल्याचा दावा तयार होता: “मॅडम, मी पावलं मोजली आहेत, दीडशेच्या वर भरतात.”

मोजणी चुकीची नव्हती, पद्धत चुकीची होती. २००३ च्या कायद्यात कलम ६ (ब) खाली शिक्षणसंस्थेच्या १०० यार्डांत, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत, तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत. आणि हे अंतर रस्त्याने नव्हे, तर आवाराच्या बाहेरच्या भिंतीपासून त्रिज्येने मोजायचं असतं. भिंतीच्या मागच्या कोपऱ्यापासून ठेला सरळ रेषेत ७४ मीटरवर येत होता. गावोगाव वाद होतो तो याच मुद्द्यावर. फाटक एका रस्त्यावर, भिंत दुसऱ्या रस्त्याला लागून, आणि दुकानदार प्रामाणिकपणे फाटकापासून मोजतो.

दुसरी गोष्ट मोजपट्टीत येत नव्हती. नववी-दहावीची मुलं मधल्या सुट्टीत पाच-दहा रुपयांत अर्धी पुडी घेत. ठेलेवाला म्हणे, मी गणवेशातल्याला देत नाही. पुतण्या देत असे. इथे कायद्यांमधली विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. शाळेच्या हद्दीत विक्री किंवा १८ वर्षांखालच्याला विक्री यासाठी तंबाखू कायद्याचा दंड २०० रुपयांपर्यंत. दिवसाला १,४२५ रुपये सुटणाऱ्या मालावर तो दंड म्हणजे पन्नीच्या खर्चाएवढीच बाब. पण बालन्याय कायदा, २०१५ चं कलम ७७ लावलं तर मुलाला तंबाखू देण्यासाठी सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. ठेलेवाल्याला पहिला कायदा माहीत होता, दुसरा नव्हता.

पहिला निर्णय: ठेला हलवला

शाळा समिती, नगरपंचायतीचा कर्मचारी आणि ठेलेवाला यांच्यात तीन बैठका झाल्या. पुढ्यात चार पर्याय होते.

आहे तिथेच राहायचं आणि दंड खर्चात धरायचा, हा पहिला. हिशेबाने तोच सगळ्यात स्वस्त होता आणि ठेलेवाल्याचा कल तिकडेच होता.

दुसरा, हद्दीबाहेर सरकायचं. कायद्याचं कलम पाळलं जाई, शाळेचा निकष पूर्ण होई, धंदा चालू राही.

तिसरा पर्याय पुतण्याने सुचवला: “काका, तंबाखू काढून नुसती सुपारी घोटू.” हा पर्याय ऐकायला सौम्य वाटतो, म्हणून तो अनेक ठिकाणी पुढे येतो. पण सुपारी स्वतः कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच पहिल्या गटात नोंदवलं आहे. तोंड उघडेनासं होण्याचा जो आजार विदर्भातले दंतवैद्य रोज पाहतात, तो मुख्यतः सुपारीचाच. शिवाय स्वस्त सुपारीचा प्रश्न वेगळाच. आयातीवर भरभक्कम कर आणि २०१८ मध्ये किलोला २५१ रुपये किमान आयात मूल्य, यामुळे चोरट्या आणि बुरशी लागलेल्या मालाला बाजार मिळतो. असा माल गंधकाची धुरी देऊन पांढरा करतात. सुगंधित सुपारी तर बंदीतच होती. हा पर्याय बैठकीत दहा मिनिटांत मागे पडला, आणि ते योग्य झालं.

चौथा, तंबाखू पूर्ण बंद करून चहा-नाश्ता. यावर कुणी गंभीरपणे कागद-पेन घेऊन बसलंच नाही. ‘चहाच्या टपऱ्या आधीच सात आहेत’ या एका वाक्यावर विषय संपला.

दुसरा पर्याय निवडला गेला. फेब्रुवारी २०१९ मध्ये ठेला साठ मीटर पुढे, बाजाराच्या बाजूला गेला. चाकं, वेल्डिंग आणि विजेची जोडणी मिळून ६,५०० रुपये लागले. शाळेने पिवळी रेघ मारली, फोटो पाठवला. सगळे समाधानी.

पहिले दोन आठवडे विक्री पंधरा-वीस पुड्यांनी घटली, मग पूर्वपदावर आली. खर्र्याचं गिऱ्हाईक ठेल्याच्या मागे येतं. पण जुन्या वळणावर एक पोकळी राहिली होती आणि ती महिन्याभरात भरली. वळणावरच्या किराणा दुकानदाराने तयार पुड्या मागायला सुरुवात केली. १६ रुपयांना घ्यायची, २० ला विकायची. त्याला फळी नको, चुना नको, डब्यात ठेवलेल्या पुड्या तेवढ्या पुरेत. दुकान रेघेच्या आत होतं, पण ते किराणा दुकान असल्याने तपासणीच्या यादीत नव्हतं.

इथे पहिली चूक स्पष्ट दिसते. समितीने ठेला मोजला, माल मोजला नाही. हलवण्याने विक्रीची जागा एकाची दोन झाली.

दुसरा निर्णय: यंत्र घेतलं

किराणा दुकान आणि आणखी दोन ठिकाणं मिळून रोज ८० पुड्यांची घाऊक मागणी तयार झाली. पुडीला साडेपाच रुपये सुटत, म्हणजे दिवसाला ४४० रुपये. हाताने घोटून २३० पुड्या निघेनात. पतसंस्थेकडून कर्ज काढून १८,००० रुपयांचं मोटारीवर चालणारं घोटाईचं यंत्र आलं आणि ते घरी बसवलं.

कागदावर हा निर्णय उत्तम होता. चार-पाच महिन्यांत तो जास्त नफ्याचा ठरलाही. पण त्याने धंद्याचा प्रकार बदलला, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. ठेल्यावर एका वेळी पाव किलो तंबाखू पडून असे. यंत्रासाठी घरात चार किलो साठा लागू लागला. ठेल्यावर पन्नीचे तुकडे मूठभर दिसत, घरी गठ्ठे आले; मार्च २०१८ पासून राज्यात प्लास्टिकबंदी होती आणि पहिल्या गुन्ह्याचा दंड ५,००० रुपये होता. मोटारीचा आवाज शेजाऱ्यांना ऐकू जाई. ठेलेवाला किरकोळ विक्रेता राहिला नव्हता, उत्पादक झाला होता, आणि कारवाई करणारी यंत्रणा नेमकं उत्पादन आणि साठा शोधते.

जानेवारी २०२० मध्ये धाड पडली. जप्तीत तंबाखू ४ किलो (७,२०० रुपये), सुपारी १२ किलो (४,८००), तयार पुड्या १४० (सुमारे १,५००) आणि यंत्र (१८,०००). घराची खोली आणि ठेला १८ दिवस सील. त्या दिवसांची बुडालेली कमाई सुमारे ३३,०००. वकील आणि जामीन १५,०००. एकूण फटका ८० हजारांच्या आसपास.

हा आकडा मोठा वाटतो. पण खर्र्याची किरकोळ आणि घाऊक मिळून रोजची कमाई १,४६५ रुपये होती. म्हणजे फटका ५५ दिवसांच्या कमाईएवढा. दोन वर्षांतून एकदा धाड पडली तरी धंदा फायद्यातच राहतो. नुसत्या जप्तीने हा व्यवहार का थांबत नाही, त्याचं उत्तर या भागाकारात आहे. ठेलेवाल्याला हलवलं ते पैशाने नाही. राज्यात अशा प्रकरणांत भारतीय दंड संहितेचं कलम ३२८ (विष किंवा अपायकारक पदार्थ देणं) लावण्याची पद्धत पडली होती आणि ते अजामीनपात्र होतं. जामिनासाठी झालेली धावपळ आणि मुलीच्या शाळेत पसरलेली बातमी यांची नोंद कोणत्याही हिशेबाच्या वहीत होत नाही.

तिसरा निर्णय: तंबाखू बंद

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. ठेले बंद, थुंकण्यावर दंड, माल येण्याचे रस्ते अडलेले. पुडीचा भाव गावात ४०-५० रुपयांवर गेला. डोक्यावर खटला असल्याने ठेलेवाल्याने हात लावला नाही. पुतण्याने लावला, स्वतःच्या घरी, फोनवर मागणी घेऊन.

जुलैत ठेला उघडायची वेळ आली तेव्हा चौथा पर्याय, जो दोन वर्षांपूर्वी एका वाक्यात बाद झाला होता, पहिल्यांदा कागदावर मांडला गेला. चहा १० रुपये, खर्च साडेचार. १२० कप गेले तर ६६०. तर्री-पोहे २० रुपये, खर्च ११. ३५ प्लेट गेल्या तर ३१५. बिनतंबाखूचं गोड पान २५ नग, २००. पाणी, बिस्किटं ७५. बेरीज १,२५०, मदतनिसाचे २५० वजा जाता हजार. जुन्या, धाडीआधीच्या किरकोळ धंद्यात १,४१० उरत. दिवसाला ४१० ची तूट, महिन्याचे २६ दिवस धरले तर साधारण साडेदहा हजार.

ही तूट सोसायची असं ठरलं. बायकोने पोह्यांची बाजू घेतली. नगरपंचायतीकडून फेरीवाला म्हणून शिफारसपत्र घेऊन पीएम स्वनिधीचं १०,००० रुपयांचं पहिलं कर्ज मिळालं. त्यातून शेगडी, भांडी, थर्मास आणि बाक आले. वेलचीचा फलक उतरवायला वितरक येईना, मग ठेलेवाल्याने तो उलटा करून मागच्या बाजूला चहाचे भाव लिहिले.

त्याची स्वतःची सवय हा वेगळा भाग होता. बारा वर्षं फळीवर बसून तो चव घेत आला होता, दिवसाला आठ-दहा वेळा. माल समोर असताना सोडणं जवळपास अशक्य असतं. माल उठल्यावर ग्रामीण रुग्णालयातल्या समुपदेशनाने आणि १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मदतक्रमांकावरच्या पाठपुराव्याने चौथ्या महिन्यात ती सुटली. पहिल्या तीन आठवड्यांत चिडचिड एवढी होती की त्या काळात ठेला बायकोनेच चालवला.

निष्पत्ती

कागदावरचे १२० कप पहिल्या महिन्यात ४५ होते. मांडणीतली चूक इथे उघडी पडली: चहाची विक्री जुन्या वर्दळीवर धरली होती आणि ती वर्दळ खर्र्याची होती. जो दिवसातून चार वेळा येई तो आता येईनासा झाला, आणि आला तरी एक चहा पिऊन गेला. एसटीची वाहतूक सुरळीत झाल्यावर, सकाळी साडेपाचला ठेला उघडायला सुरुवात केल्यावर आणि रुग्णालयात डबे पोचवण्याचं काम मिळाल्यावर फेब्रुवारी २०२१ च्या सुमारास, म्हणजे सात महिन्यांनी, कप १२० वर गेले. या सात महिन्यांतली एकूण तूट लाखाच्या आसपास गेली. ती बायकोच्या बचत गटाच्या कर्जातून आणि एक दागिना गहाण ठेवून भरली.

उधारीचं मात्र भरून निघालं नाही. वहीत ३८,००० बाकी होते, वसूल झाले १४,०००. ज्या दिवशी ‘आता खर्रा मिळणार नाही’ असं कळलं, त्या दिवशी उधारी फेडायचं कारण संपलं. परत यायचंच नाही तर द्यायचे कशाला? दोर दोन्ही बाजूंनी बांधलेला असतो, हे ठेलेवाल्याला तेव्हा कळलं.

शाळेच्या बाजूने पाहिलं तर वळणावरच्या किराणा दुकानातली पुडी थांबली, कारण पुरवठादार गेला. मुलांना ती आता बाजारापर्यंत चालत जाऊन आणावी लागते. मधल्या सुट्टीत ते जमत नाही. हा फायदा खरा आहे. गावातला एकूण खप कमी झाला का, हे या प्रकरणावरून सांगता येत नाही, आणि तसं सांगणं दिशाभूल करणारं ठरेल. पुतण्याचा घरगुती धंदा ७०-८० पुड्यांवर स्थिरावला होता.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या बैठकीत चौथा पर्याय हिशेबासह मांडायला हवा होता. तेव्हा खटला नव्हता, यंत्राचं कर्ज नव्हतं आणि ठेला स्टँडच्या वळणावर होता, जिथे चहाला आपसूक गिऱ्हाईक होतं. साठ मीटर पुढे नेऊन मग चहा सुरू करणं म्हणजे चांगली जागा खर्र्यासाठी वापरून वाईट जागा चहाला देणं झालं. तंबाखू सोडायला तयार असलेल्या ठेल्याला त्याच जागी राहू देण्याचा अधिकार नगरपंचायतीकडे होता. शाळेची हद्द तंबाखूच्या विक्रीला आहे, चहाला नाही.

तंबाखू एकदम न थांबवता आधी दोन-तीन महिने चहा-पोहे सोबत चालवायला हवे होते, असंही सुचवलं जातं. ते अर्धंच बरोबर आहे. गिऱ्हाइकाला नव्या मालाची सवय लागते हे खरं, पण फळी समोर असेपर्यंत ठेलेवाल्याचं लक्ष चहाकडे जात नाही. साडेनऊ रुपये एका मिनिटात सुटतात तिथे साडेपाच रुपयांसाठी दूध कोण उकळत बसणार? त्याऐवजी उधारी आधी बंद करणं हा खरा पहिला टप्पा असायला हवा होता. बंद करण्याचा बेत जाहीर करण्यापूर्वी निदान धानाचा एक हंगाम नवी उधारी थांबवून जुनी वसूल केली असती, तर १४ ऐवजी २५ हजार हाती येणं अवघड नव्हतं. तेवढ्यात अडीच महिन्यांची तूट निघाली असती.

वर्दळीचा अंदाज नव्या गिऱ्हाइकावर करायला हवा होता. स्टँडवर सकाळी किती गाड्या थांबतात, रुग्णालयात रोज किती नातेवाईक असतात, बाजाराच्या दिवशी किती पाल लागतात, हे दोन दिवस उभं राहून मोजलं असतं तरी ४५ चा आकडा आधीच कळला असता.

पुतण्याचा विचार कुणीच केला नाही. काकाचा धंदा बंद झाला तेव्हा त्याच्याकडे घोटण्याचा हात, गिऱ्हाइकांची मापं आणि त्यांचे फोन नंबर होते, आणि २५० रुपयांची रोजी गेली होती. स्वनिधीचं कर्ज, बाक, शेगडी काकाच्या नावावर आलं. दुसरी गाडी पुतण्याच्या नावाने उभी करता आली असती का, हा प्रश्न बैठकीत निघालाच नाही.

आणि पुरवठादार. जप्तीच्या पंचनाम्यात डब्यांची संख्या आहे, ते कुणी आणले हे नाही. दर मंगळवारी बाजाराच्या आदल्या संध्याकाळी दुचाकीवरून डबे आणणारा माणूस तोच आहे. फक्त आता तो ठेल्यापुढे थांबत नाही, पुतण्याच्या घराकडे वळतो. परतताना काकाकडे चहा पितो, रोख देतो.